आवाज गेला, तशी पकडही गेली: एका एलएसडी गाडीच्या गिअर ऑइलचं प्रकरण

गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारी बहुतेक आवाजाच्या असतात. या गाडीची तक्रार उलटी होती. मालक म्हणाला, "भाऊ, पयले वळतानी मांगून गुरगुरे, पण चिखलातून निघे. आता गुरगुरतई नाही अन् निघतई नाही." मे महिन्यात त्याने मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यात, महागडं सिंथेटिक गिअर ऑइल टाकून घेतलं होतं. हे डिफरन्शियल एलएसडी प्रकारचं, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं. आवाज तेव्हापासून सुरू झाला, पुढे एका दुकानदाराच्या सल्ल्याने बंदही झाला, आणि ऐन फवारणीच्या दिवसांत गाडी पांदणीत रुतून बसली. गावात एव्हाना निकाल लागला होता की सिंथेटिक ऑइल आपल्या गाड्यांना चालत नाही. प्रकरण सविस्तर लिहितोय ते या निकालासाठीच, कारण गाडीने सांगितलं ते वेगळं होतं.

गाडी दहा वर्षं जुनी, डिझेल, फोर बाय फोर, सेकंड हँड घेतलेली. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही. दोष गाडीचा नव्हता आणि हीच रचना बऱ्याच गाड्यांत असते. मालकाचं गाव दारव्हा तालुक्यात. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. गावातून वावरात जायला पांदण आणि मध्ये एक नाला. खताची पोती, फवारणीचे पंप आणि पाण्याची टाकी ठेवलेली छोटी ट्रॉली वावरात नेणं हे या गाडीचं रोजचं काम. नागपूरला ती क्वचितच जाते.

पावसाळ्यातली पांदण ज्याने पाहिली नाही त्याला या प्रकरणातली खरी अडचण कळायची नाही. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ओली झाली की टायरच्या खाचांत ठासून भरते, आणि नव्या टायरचाही पाच मिनिटांत गोटा होतो. त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. गाडीचं एक चाक चाकोरीतल्या गाऱ्यात आणि दुसरं धुऱ्याकडच्या गवतावर, अशीच ती वावरापर्यंत जाते.

साध्या डिफरन्शियलची इथे फजिती होते. ते दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतं. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण गाऱ्यातलं चाक जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच गवतावरच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक चाक भिरभिरत राहतं, दुसरं ढिम्म. फोर बाय फोर लावलं तरी पुढच्या एक्सलवर हाच खेळ होतो. दोन चाकं फिरतात, दोन बघत बसतात. फोर बाय फोर गाडी फसलेली पाहून हसणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, यावरचा उपाय. या गाडीत होतं ते प्लेटांचं. चाकाचा दांडा फिरवणाऱ्या साइड गिअरच्या मागे पातळ चकत्यांची, म्हणजे प्लेटांची, थप्पी असते. एक चकती गिअरमध्ये अडकलेली, पुढची केसिंगमध्ये, परत गिअरमध्ये, परत केसिंगमध्ये. स्प्रिंग ही थप्पी कायम दाबून धरते. गाडीने जोर लावला की आतले बेव्हल गिअर साइड गिअरला बाहेर रेटतात आणि थप्पी आणखी आवळते. एका चाकाला दुसऱ्याहून जास्त फिरायचं असेल तर आधी या थप्पीचं घर्षण मोडावं लागतं, आणि तेवढा जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो.

पण या सगळ्याच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, तेच दोन-अडीच लिटर तेल दोन विरुद्ध कामं करतं. क्राउन आणि पिनियनचे, म्हणजे इंजिनकडून येणारा जोर चाकांकडे आडवा वळवणाऱ्या गिअर-जोडीचे, दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत फिरतात. त्यांना जेवढं निसरडं मिळेल तेवढं हवं. प्लेटांना मात्र हिशेबातलं घर्षण हवं. तेल फार निसरडं झालं तर एलएसडी असून नसल्यासारखं. घर्षण वेडंवाकडं झालं तर वळताना मागून गुरगुर, कटकट आणि हादरे. मालकाने या दोन्ही टोकांचा अनुभव एकाच हंगामात घेतला.

आमच्याकडे येण्याआधी

मे महिन्यात, पावसाळ्याची तयारी म्हणून, त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपमध्ये सगळी तेलं बदलून घेतली. मागच्या डिफरन्शियलमध्ये फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ टाकलं (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो). रिकामी बाटली त्याने जपून ठेवली होती, म्हणून हे खात्रीने लिहिता येतं. नामांकित कंपनीचं तेल, सील शाबूत, नकली वाटावं असं काही नाही. बाटलीवर 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप' हे शब्द मात्र कुठेही नव्हते.

आठवडाभरात आवाज सुरू झाला. घराच्या आवारात सिमेंटवर गाडी पूर्ण वळवून लावताना मागून गुरगुर, मग टक-टक, आणि सीटखाली हादरा. सरळ रस्त्यावर काही नाही. वर्कशॉपने सांगितलं, डिफरन्शियल खोलावं लागेल, प्लेटा गेल्या. खर्चाचा आकडा ऐकून तो परत आला.

तालुक्याच्या ठिकाणी एका सुट्या भागांच्या दुकानात त्याला फ्रिक्शन मॉडिफायरची, म्हणजे तेलात मिसळून प्लेटांचं घर्षण कमी करणाऱ्या द्रावाची, छोटी बाटली मिळाली. सल्ला बरोबर होता. एका बाटलीने आवाज बराचसा कमी झाला. पण 'बराचसा' यावर कोणाचं समाधान होतं? पुढच्या खेपेला आणखी एक ओतली, मग आणखी एक. आवाज पूर्ण बंद. जुलैत पाऊस लागला, कपाशीला फवारणी आली, आणि दरवर्षी ज्या ठिकाणून गाडी कण्हत-कुथत निघायची तिथेच ती रुतली. ट्रॅक्टर बोलवावा लागला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

काय तपासलं

वळताना मागून येणारा हादरा म्हणजे डिफरन्शियलच, असं धरून चालत नाही. आवाज आता बंद असला तरी आधीचा आवाज कशाचा होता हे ठरवायला हवं होतं. पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडी कोरड्या सिमेंटवर फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर लावून) वळवली तर अगदी तशीच आडते, कारण पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये सूट द्यायला काही नसतं. लिव्हर टू-व्हीलमध्ये असूनही आतून फोर बाय फोर सुटलेलं नसेल तरी शंका घ्यावी. हे पाहिलं, ठीक होतं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले, चाकांच्या बेअरिंग पाहिल्या. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत का तेही मोजलं. ही गोष्ट लोक सोडून देतात. एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल तर सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात, प्लेटा सतत घासत राहतात, तेल तापतं आणि एलएसडी रस्त्यावरच संपतं. इथे टायर जोडीचे होते.

हाऊसिंगवरचा वाळलेला चिखल खरवडला तेव्हा फिलर नटाशेजारी एक पत्र्याची पट्टी निघाली. अर्धी झिजलेली, पण वाचता येण्यासारखी: यात फक्त एलएसडीचंच तेल टाकावं. मे महिन्यात ज्याने नट खोलला त्याने हा चिखल पुसला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मग गाडी उचलली. इथे एक इशारा, आणि तो कितीही वेळा दिला तरी कमीच. एलएसडीच्या गाडीचं मागचं एकच चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये वर असलेलं चाक नुसतं फिरतं. एलएसडीमध्ये जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. आमच्या पोराने सवयीने विचारलं, "लावू का फर्स्ट? चाक फिरवून पाहू." त्याला आधी गाडीपासून लांब उभं केलं, मग समजावलं.

आधी दोन्ही मागची चाकं घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, एक चाक हाताने फिरवलं. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक उलट्या दिशेने फिरतं. प्लेटा धड असल्या तर ते त्याच दिशेने ओढलं जातं. इथे दुसरं चाक क्षणभर त्याच दिशेने सरकलं आणि मग आळस दिल्यासारखं थांबलं. पकड होती, पण नावालाच.

नेमकं किती, ते टॉर्क पान्याने मोजलं. यासाठी लेथवाल्याकडून एक पट्टी करून घेतली आहे: चाक काढून दोन स्टडला बसते, आणि बरोबर मध्यभागी एक मोठा नट वेल्ड केलेला. पुढच्या चाकांना दगडांची टेक, मागचं एक चाक जमिनीवर, दुसऱ्या बाजूचा ड्रम मोकळा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. पाना त्या नटावर लावून सावकाश ओढायचा आणि हब फिरायला लागतो तो आकडा पाहायचा. काट्याचा पाना हवा. टक करून सुटणाऱ्या पान्यावर हे दिसत नाही. आकड्याइतकाच काटा कसा हलतो तेही महत्त्वाचं. कोरड्या, बिनमॉडिफायरच्या प्लेटा असतील तर काटा चढतो, दणकन खाली येतो, परत चढतो. इथे काटा अगदी मवाळपणे चढला आणि तिथेच राहिला, पण गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या निम्म्यावरही पोहोचला नाही.

दोन शक्यता उरल्या. प्लेटा झिजल्या असतील किंवा मॉडिफायर अति झाला असेल. दोन्ही एकदमही असू शकतात.

तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे नाल्याचं पाणी आत गेलेलं नव्हतं. हे विशेष, कारण तापलेलं हाऊसिंग नाल्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे आतली हवा खेळती ठेवणारी नळी, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. ड्रेन नटाच्या चुंबकावर राखाडी लापशीसारखा थर होता. एवढा थर दहा वर्षांच्या गाडीत असणारच. बोटांत चुरून पाहिला, टोचलं नाही. धातूची किसं नाहीत, दाताचा तुकडा नाही. जळकट वासही नव्हता. गंधकाचा नेहमीचा कुबट वास होता, तो गिअर ऑइलला असतोच. ट्रेच्या तळाशी प्लेटांच्या अस्तराचे काळे कण होते, पण मोजके.

यावरून डिफरन्शियल खोलायचं नाही असं ठरवलं. खोलणं म्हणजे क्राउन-पिनियनची बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली फट, परत बसवणं, आणि ते काम डायल गेजशिवाय (ही फट मोजायच्या काट्याशिवाय) करणारे आमच्या भागात फार आहेत. चांगलं बसलेलं काम नुसत्या संशयावरून उघडू नये, हे माझं मत आहे. काही जण याच्याशी सहमत नसतील.

सिंथेटिकचा दोष किती?

गुरगुर का झाली ते आधी. स्थिर असलेल्या दोन प्लेटा हलवायला लागणारं घर्षण, आणि हलत्या प्लेटांमधलं घर्षण, या दोघांत फरक असतो. पहिलं दुसऱ्याहून बरंच जास्त असेल तर प्लेटा चिकटतात, सुटतात, परत चिकटतात, सेकंदाला कित्येकदा. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो टकटकत जातो, तोच प्रकार. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरतं आणि वेग कमी असतो, म्हणून आवाज तिथेच येतो. फ्रिक्शन मॉडिफायरचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि ते सुरुवातीचं चिकटणं कमी करतात. थोडा असला तर प्लेटा सारख्या, सलग घसरतात. प्रमाणाबाहेर असला तर घसरतच राहतात.

या सगळ्यात तेल सिंथेटिक होतं की मिनरल, याचा संबंध फार थोडा. सिंथेटिक म्हणजे मूळ तेल कशापासून बनलं आहे एवढंच. चांगल्या गिअर ऑइलमध्ये ते बहुधा पॉलिअल्फाओलेफिन किंवा एस्टर असतं. प्लेटांचं वागणं त्यात काय मिसळलंय त्यावर ठरतं. जीएल-५ हा शिक्का सांगतो की हे तेल हायपॉइड क्राउन-पिनियनचा दाब आणि धक्के पेलतं. प्लेटांबद्दल तो काही बोलतच नाही. बिन-एलएसचं मिनरल ९० नंबर टाकलं असतं तरी ही गाडी गुरगुरलीच असती. आणि एलएस लिहिलेलं सिंथेटिक टाकलं असतं तर बहुधा कोणाला काही कळलंही नसतं. म्हणून 'सिंथेटिक चालत नाही' हे खोटं, आणि 'सिंथेटिक म्हणजे सगळ्यात भारी, कुठेही टाका' हेही तितकंच खोटं. काही एलएसडी बनवणारे स्वतःच मिनरल तेल वापरा असं सांगतात. तिथे त्यांचं ऐकायचं, बाटलीवरच्या जाहिरातीचं नाही.

७५डब्ल्यू हा आकडाही आपल्याकडे उगीच भाव खातो. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ७५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर. लडाखला जाणाऱ्याने याचा विचार करावा. दारव्ह्यात पारा दहाच्या खाली उतरला की लोक शेकोटी पेटवतात. पुढचा ९० हा आकडा शंभर अंशांवरच्या जाडीचा. तिथे दोन्ही तेलं एकाच पट्ट्यात बसतात, साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक्स. म्हणजे तापल्यावर ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० जवळपास सारखीच जाड. आमच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, लादलेली ट्रॉली ओढताना हाच दुसरा आकडा कामाचा.

सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत टिकण्यात आहे. ते लवकर कुजत नाही, घट्ट होत नाही, त्यामुळे जास्त अंतर चालतं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर दिवसचे दिवस भार घेऊन धावणाऱ्याला ते परवडतं. या मालकाचं वर्षभरातलं अंतर कमी, पण पावसाळ्यात आठवड्यातून कितीतरी वेळा नाला. पाण्यात जाणाऱ्या गाडीचं हाऊसिंगचं तेल पावसाळा संपला की पाहावंच लागतं, आणि जरा दुधाळ दिसलं की टाकून द्यावं लागतं. लांब टिकणारं तेल दर दिवाळीला ओतून द्यायचं असेल तर लांब टिकण्याचे पैसे कशाला भरायचे? हा हिशेब मालकाला लगेच पटला. रसायनशास्त्र त्याने हसून ऐकून घेतलं होतं.

काय केलं

एलएस लिहिलेलं, जीएल-५, मिनरल ८०डब्ल्यू-९० भरलं. वरून मॉडिफायर एक थेंबही नाही, कारण एलएस तेलात तो कारखान्यातूनच मिसळलेला असतो. मालकाने हाऊसिंग डिझेलने धुऊन काढायचा आग्रह धरला होता. नकार दिला. डिझेल प्लेटांच्या मधे आणि बेअरिंगच्या खाचांत राहतं, सगळं निथळत नाही, आणि नव्या तेलाला पातळ करतं. त्यापेक्षा स्वस्त पण योग्य तेल भरून, थोडं चालवून, तेच ओतून द्यावं आणि परत भरावं. अति झालेला मॉडिफायर प्लेटांच्या अस्तरात मुरलेला असतो. तो एका बदलात निघत नाही. पहिल्याच भरणीत महाग तेल टाकणं म्हणजे त्याने हाऊसिंग धुणं. तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीवर उभी करून. ब्रीदरची नळी चिखलाने बंद होती, ती मोकळी करून वर चेसिसला बांधली.

मग तेल प्लेटांच्या मधे शिरवणं. भरून नुसतं सरळ चालवलं तर प्लेटा एकमेकींवर सरकतच नाहीत आणि जुनं तेल थप्पीत तसंच राहतं. बाजार समितीचं आवार संध्याकाळी रिकामं असतं. तिथे सिमेंटवर, पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवली. आधी काहीच आवाज नव्हता, आणि तेच तर दुखणं होतं. काही फेऱ्यांनंतर पूर्ण वळणावर मागून एक बारीक, दबलेली कुरकुर ऐकू आली. मालकाचं तोंड पडलं. "परत सुरू झालं नं भाऊ!" त्याला सांगितलं, प्लेटा जाग्या होऊन रायल्या, होऊ दे. पुढच्या फेऱ्यांमध्ये ती कुरकुर सलग आणि मंद झाली, हादरा मात्र परत आला नाही.

काही दिवसांनी तेल पुन्हा बदललं, तेच. या वेळी पान्याचा आकडा मॅन्युअलच्या किमान रेषेच्या किंचित वर आला आणि काटा न उडता चढला. नव्या गाडीचा आकडा याहून बराच वर असतो, म्हणजे प्लेटा थोड्या झिजलेल्या आहेतच. वर्कशॉपचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं; आवाजाचं कारण तेवढं चुकीचं सांगितलं होतं.

खरी परीक्षा पांदणीत. पोळ्याच्या सुमारास पाऊस सलग लागला होता तेव्हा गाडी त्याच ठिकाणी नेली. गाऱ्यातलं चाक फिरलं, गवतावरच्या चाकाने एक-दोन झटके घेतले, आणि गाडी निघाली. दुसऱ्या ठिकाणी, जिथे डाव्या बाजूचं चाक जवळजवळ अधांतरी होतं, तिथे थांबली. याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. एका चाकाला काहीच आधार नसेल तर बेव्हल गिअर थप्पी आवळू शकत नाहीत. मग फक्त स्प्रिंगचा दाब उरतो, आणि झिजलेल्या थप्पीत तो कमीच. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दाते ओढायचा आणि हळू ॲक्सिलरेटर द्यायचा. ब्रेकमुळे मोकळ्या चाकाला विरोध मिळतो, थप्पी आवळते आणि दुसऱ्या चाकाला जोर जातो. मालकाने तसं केलं आणि गाडी सरकली. फोर बाय फोर लिव्हरला हात लावावा लागला नाही. ही युक्ती मागच्या चाकांवर केबलचा हँडब्रेक असलेल्या गाडीतच जमते, आणि बाहेर निघालं की हँडब्रेक लगेच सोडायचा, नाहीतर लायनिंग जळतं.

दुसऱ्या गाड्यांबद्दल दोन शब्द

हे सगळं प्लेटांच्या एलएसडीपुरतं आहे. गिअरचं एलएसडी असतं, ज्यात तिरप्या दातांचे गिअर केसिंगवर दाबले जाऊन घर्षण देतात. त्यात मॉडिफायर ओतला तर उलट त्याची पकड कमी होते. फोर्स गुरखासारख्या गाडीत चालक स्वतः लावतो तो डिफरन्शियल लॉक असतो. तो लागला की दोन्ही चाकं बांधलेली, घर्षणाचा प्रश्नच नाही. नव्या महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतं. त्यातही प्लेटा आहेत, पण दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडल्यावर एक छोटं वजन बाहेर फेकलं जातं आणि लॉक लागतो. वेग साधारण ताशी तीसच्या वर गेला की लागत नाही. ते चाक हाताने सावकाश फिरवलं तर साध्या डिफरन्शियलसारखंच वागतं, म्हणून वर सांगितलेली जॅकची परीक्षा तिथे लावून 'एलएसडी गेलं' असं जाहीर करू नये. त्यातही मनाने मॉडिफायर टाकू नये. मॅन्युअलमध्ये जे तेल लिहिलं आहे ते टाकावं.

या मालकाकडे दोन गोष्टी अजून बाकी आहेत. डाव्या एक्सलचं सील पाझरतंय. तेल ड्रमपर्यंत पोहोचलेलं नाही, पण ते बदलायचं आहे. आणि पावसाळा संपून हाऊसिंगचं तेल बदलताना पान्याचा आकडा परत घ्यायचा आहे. तो आत्ताच्या जागी टिकला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत डिफरन्शियलला हात लावायचा नाही. किमान रेषेखाली गेला तर प्लेटांचा सेट मागवू, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) मोजून बसवू, आणि त्या कामाला हरभऱ्याची पेरणी झाल्यानंतरची मोकळीक त्याने आधीच मागून ठेवली आहे.